डेड स्टॉक ४१७

२७ डिसेंबर १९९३, सोमवार

कॉम्प्युटरनं मान टाकली.

सकाळी साडेदहाला बटन दाबलं. आतला पंखा घरघरला, पडद्यावर हिरवी रेघ एकदाच लुकलुकली आणि आतून आवाज आला – पोंऽऽ, पिप, पिप. एक लांब, दोन आखूड. पुढं काही नाही. बंद केला, दहा आकडे मोजले, परत लावला. पोंऽऽ, पिप, पिप. दुपारपर्यंत सतरा वेळा लावला. सतराही वेळा त्याचं म्हणणं तेच.

शुक्रवारी सकाळी ठणठणीत होता. दुपारनंतर मी अर्धी रजा टाकून हिची दाढ काढायला परभणीला गेलो. मग नाताळ, मग रविवार. अडीच दिवस नुसतं बसून बिघडायला तो काय सरकारी नोकर आहे?

साहेब डोकावले. आमचे उपअभियंता. उभी हयात कालव्याच्या भिंती बांधण्यात गेली. पेटीकडं बघत म्हणाले, "दिनकरराव, कुठं गळती आहे का बघा." म्हणलं, बघतो साहेब.

२८ डिसेंबर

डबा मुळात जुनाच. तीन वर्षांखाली परभणीच्या मोठ्या ऑफिसात नवा आला, तेव्हा हा आमच्या कॅम्पवर धाडला. थोरल्याची उसवलेली पँट धाकट्याला, तसं. झरीच्या पुढं कालव्याच्या कडेला पत्र्याचं ऑफिस, लाईट दिवसातून चारदा जाते, आणि तिथं कॉम्प्युटर! मला पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवलं आणि हजेरी कारकुनाचा ऑपरेटर केला. पद बदललं, खुर्ची तीच, एका हाताची.

खरी अडचण डब्याची नाही, डब्याच्या पोटातली. रोजंदारी मजुरांची अठ्ठ्याऐंशीपासूनची सगळी हजेरी त्यात आहे. गाळ उपसणारे, कालव्याची दारं उघडणारे, एकूण तेवीस माणसं. आधी ही हजेरी मीच कागदावर मांडायचो, मग मीच दोन वर्षं बसून एकेक दिवस आत टाकला. हजर म्हणजे एक, गैरहजर म्हणजे शून्य.

आता वरून आदेश आलाय. ज्यांनी सलग पाच वर्षं, दरसाल दोनशे चाळीस दिवस भरले ते मजूर कायम. यादी १५ जानेवारीपर्यंत परभणीला पोचली पाहिजे. ज्याचं नाव यादीत नाही त्याचं काम १ फेब्रुवारीपासून बंद.

आणि कागदी हजेरीपट? रद्दीत. "संगणकीकरण पूर्ण झाल्याने जुने अभिलेख निकाली काढावेत" – मागच्या साहेबांचा हुकूम. नंतर एकदा झरीच्या बाजारात मला भजे त्यातच बांधून मिळाले. मार्च एकोणनव्वद, पान दुसरं. अक्षर माझंच, तेलानं जरा फुगलेलं.

२९ डिसेंबर

आज ऑफिसातला प्रत्येक माणूस डॉक्टर झाला.

वायरमन म्हणाला व्होल्टेज कमी. स्टॅबिलायझर बदलला. पोंऽऽ, पिप, पिप. साहेब म्हणाले, उन्हात ठेवा, ओल धरली असेल. ठेवला. दोन तास मी डब्याशेजारी स्टूल टाकून बसलो, वानरं येतात म्हणून. ऊन खाऊन आत आला. पोंऽऽ, पिप, पिप.

माणिकराव म्हणाले, "तुमी त्याला लय ताबडता. बसल्या बसल्या गरम होतंय ते." हे माणिकराव आमचे स्टोअर कारकून. डेड स्टॉक रजिस्टर त्यांच्याकडं, म्हणजे ऑफिसातल्या ज्या वस्तू खर्चून संपत नाहीत त्यांची वही. ऑडिट पार्टी येणार म्हणून महिनाभर झाला, हातात पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन फिरायलेत. प्रत्येक वस्तूवर नंबर. खुर्ची, रांजण, घड्याळ, घंटा, घंटेचा हातोडा वेगळा. परवा दुपारी माझा जरा डोळा लागला तर दचकून उठलो. म्हणलं कपाळावर नंबर पडला असंल.

अक्षर मात्र वळणदार. उगंच खोटं कशाला लिहू.

३० डिसेंबर

सगुणाबाई येऊन बसली. हजेरीतल्या तेविसांतली ही एकटी बाई. नऊ नंबरच्या दाराजवळ गाळ काढते. नवरा नाही, मुलगी दिली चुडाव्याला. वय विचारलं तर म्हणते, मोठ्या दुष्काळात मुलगी कडेवर होती, तुमीच मांडा हिशोब.

व्हरांड्याच्या पायरीवर बसून विचारते, "उठला का वो भाऊसाहेब?" घरात कुणी आजारी असल्यासारखं. म्हणलं, नाही उठला. म्हणाली, "उठंल. औषध चालू हाय न्हवं?" आणि हरभऱ्याचा टहाळ ठेवून गेली, मोठी जुडी. ती चहा कधी आणत नाही. कच्च्या टहाळाचं कुणाला काही वाटत नाही हे तिलाही माहीत आहे, मलाही. दोघंही त्यावर बोलत नाही. तिची वस्ती बौद्धांची, माझं घर कॉलनीत. दहा वर्षांत मी तिच्या हातचं पाणी प्यालो नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

टहाळ गोड होता. हिनं आणि मी बसून संपवला.

३१ डिसेंबर

पोंऽऽ, पिप, पिप.

१ जानेवारी १९९४

नवं साल. साहेबांनी मुंबईच्या कंपनीला ट्रंक कॉल लावला. दीड तासानं लागला. पलीकडच्या माणसानं मॉडेलचं नाव दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाला म्हणे, "ते अजून आहे तुमच्याकडं?" आणि फोन कटला.

साहेबांना राग कंपनीचा आला पण समोर मी होतो.

३ जानेवारी

झरीहून सूर्यभानला आणलं. रेडिओ दुरुस्त करतो. पन्नाशीचा माणूस, डोळ्यावर जाड भिंग, बोलणं कमी. कॉम्प्युटर जन्मात पाहिला नव्हता. म्हणून बरं वाटलं, कारण ज्यांनी पाहिलाय त्यांनी गेला आठवडा माझं डोकं खाल्लं.

वरचं झाकण काढलं. पालीची चार अंडी निघाली, एक मेलेला विंचू आणि तीन वर्षांची कालव्याची माती. सगळं ब्रशनं झाडलं. माणिकराव दारात उभे राहून बघायले होते. दोनदा आत आले, दोनदा तसेच गेले. मला वाटलं विंचवाला नंबर द्यावा की काय या विचारात असतील.

झाडून लावला. पोंऽऽ, पिप, पिप.

सूर्यभाननं तीनदा तेच ऐकलं. म्हणला, "भाऊ, हे उगं केकाटत न्हाई. दर खेपेला बराबर तसंच वाजवायलंय. काहीतरी सांगायलंय. याचं पुस्तक असंल की."

पुस्तक! आहे की. आलं त्या दिवशीच माणिकरावांनी मौल्यवान म्हणून गोदरेजच्या कपाटात घातलं. तीन वर्षांत मी ते पाहिलेलं नाही.

४ जानेवारी

पुस्तकासाठी मागणीपत्र. मागणीपत्रावर साहेबांची शिफारस. शिफारशीवर माणिकरावांचा शेरा, "पाहून परत करावे." मग कपाट उघडलं. पुस्तक नव्या नवरीसारखं लाल कापडात गुंडाळलेलं, वर डांबराच्या गोळ्या.

इंग्रजी. सूर्यभान बोट ठेवून ऐकत होता, मी अर्थ लावत होतो. शेवटी सापडलं. एक लांब दोन आखूड म्हणजे पडद्याला चित्र पाठवणारं जे कार्ड आत उभं खोचलेलं आहे, त्याचं आणि मोठ्या पाटीचं जमत नाही. भाऊबंदकी. मशीन नऊ दिवस जीव तोडून हेच सांगायलं होतं आणि आम्ही त्याला उन्हात बसवलं.

सूर्यभान म्हणला परवा येतो. उद्या त्याच्याकडं लग्नाचे लाऊडस्पीकर आहेत.

५ जानेवारी

परभणीहून पत्र. इतर ठिकाणीही हेच हाल दिसतायत, कारण लिहिलंय की ज्या कार्यालयाची संगणकीय हजेरी मिळू शकत नाही, त्यांनी उपअभियंत्याच्या दाखल्यावर यादी पाठवावी. दिवस मोजायची गरज नाही. अमुक मजूर पाच वर्षं कामावर आहे एवढा दाखला बस. मात्र हजेरी उपलब्ध असेल तर हजेरीच धरावी, दाखला चालणार नाही.

साहेबांचा चेहरा खुलला. "दिनकरराव, सुटलो. तेवीस दाखले टाइप करा, दुपारी सह्या करतो."

मी हो म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण माणिकराव तिथंच उभे होते, हळूच म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर दिनकररावांच्यानं काय ते उठत न्हवतं." आणि मला काय झालं कुणास ठाऊक. म्हणलं, "साहेब, दाखले कशाला? रोग सापडलाय. चार दिवस द्या, मशीनच यादी काढून देईल. परभणीत आपलं नाव होईल."

साहेबांना परभणीत नाव व्हायचं असतंच. म्हणाले, "बघा मग."

सगुणाबाई पायरीवर होती. तिनं सगळं ऐकलं. जाताना म्हणाली, "तुमी कराल, भाऊसाहेब."

६ जानेवारी

लिहायला बसलोय, अर्धा रागानं. अर्धा हसण्यानं.

सूर्यभाननं ते कार्ड दोन्ही बाजूंनी धरून हळूच उपसलं. खालच्या कडेला पिवळीधमक पट्टी असते, बारीक बारीक दातांची. तीच खाचेत बसते, त्यातूनच सगळी वीज जाते-येते. त्या पट्टीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पांढऱ्या ऑइल पेंटनं, वळणदार अक्षरात:

डे. स्टॉ. ४१७/३

सूर्यभाननं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. म्हणला, "हे कंपनीकडूनच येतं का?"

दुसरं कार्ड उपसलं. ४१७/४. तिसरं. ४१७/५. सगळ्यांच्या पट्टीवर. दोन-दोन हात मारलेले, पक्के वाळलेले.

माणिकरावांना बोलावलं. ते बिलकुल गांगरले नाहीत. म्हणाले, परभणीहून डबा आला तेव्हाच्या चलनात हे नग वेगवेगळे लिहून आलेत, पेटी एक, पडदा एक, कार्डं तीन. मागच्या ऑडिटनं शेरा मारला, "नगांवर क्रमांक आढळून आले नाहीत." म्हणून शुक्रवारी दुपारी, मी दाढेला गेलो तेव्हा, शिपायाला घेऊन पेटी उघडली, एकेक नग काढला, नंबर घातला, पंख्याखाली वाळवला आणि जिथल्या तिथं बसवला. रजिस्टरात नोंद केली. तारीख, वेळ, सही.

म्हणलं, "पण माणिकराव, तिथंच का? एवढं कार्ड पडलंय की."

"कुठं पडलंय? सगळीकडं काय काय चिकटवलेलं. लिवायला जागाच न्हाई. खाली एवढी एक पट्टी सपाट, साफ. नंबर कसा उठून दिसतो बघा."

दिसत होता. खोटं कशाला सांगू.

७ जानेवारी

सूर्यभान म्हणला टर्पेंटाइन आणा, कापूस आणा, खोडरबर आणा, तासाचं काम. माणिकराव आडवे पडले. सरकारी नंबर खोडता येत नाही. नंबर खोडला की तो नग गहाळ धरतात. गहाळ नगाची जबाबदारी कुणाची? ऑडिट पार्टी दारात आहे.

"माणिकराव, नंबर ठेवला तर मशीन चालत नाही."

"चालायचं रजिस्टरात कॉलम न्हाई."

वाद साहेबांपर्यंत. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि नियमांचं पुस्तक मागवलं. ते पुस्तक कपाटात. कपाटाची चावी माणिकरावांकडं. पुढचं लिहीत नाही.

उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. पायरीवर सगुणाबाई. तिला म्हणलं, सापडलं, रंग लागलाय. ती म्हणाली, "रंग व्हय? मग धुवा की." सगळ्या ऑफिसात हे तिला एकटीला कळलं.

१० जानेवारी, सोमवार

तोडगा. नंबर खोडायचा नाही, "स्थलांतरित" करायचा. पुठ्ठ्याच्या तीन चिठ्ठ्या, प्रत्येकीवर माणिकरावांच्या अक्षरात नंबर, दोऱ्यानं कार्डाला बांधायच्या. दवाखान्यात बाळाच्या मनगटाला बांधतात तशा. मग पट्टीवरचा रंग काढायला साहेबांची लेखी मंजुरी. मंजुरीला जावक नंबर. बारा वाजले.

सूर्यभान बसला. टर्पेंटाइनचा बोळा, मग खोडरबर. शाळेतल्या पोरानं पाटी पुसावी तसा नाही, दागिना उजळावा तसा, एकेक दात. दोन तास. शेजारी माणिकराव रजिस्टर उघडून, नजर जळजळीत.

पावणेतीनला कार्डं खोचली. चिठ्ठ्या बाहेर लोंबत्या ठेवल्या. मी बटन दाबलं.

पिप. एकच. आखूड.

आणि हिरवी अक्षरं आली. एकाखाली एक, एकाखाली एक. तारीख दाखवत होता १ जानेवारी १९८०. चौदा वर्षं मागं जाऊन उठला होता, पण उठला होता. साहेब टाळ्या वाजवत आले. सूर्यभान फक्त म्हणला, "बोलायचं थांबलं बघा." मी त्याचा हात हातात घेतला. डोळ्यात पाणी आलं, टर्पेंटाइनचं समजावं.

माणिकरावांकडं एकदा मान वळवून बघितलं. किती बरं वाटलं ते इथं लिहून ठेवतो.

११ जानेवारी

यादी छापली. प्रिंटरची फीत वाळलेली, थेंबभर खोबरेल लावलं, चालली. साहेबांनी परभणीला फोन करून सांगितलं, "आमच्याकडे हजेरी उपलब्ध आहे." छाती दोन बोटं फुगलेली. आता दाखल्याचा प्रश्नच नाही. उपलब्ध आहे असं आम्हीच कळवलं.

कर्रर्र कर्रर्र करत कागद निघाला. मी मोजला. बावीस.

परत मोजला. बावीस. सगुणाबाईचं नाव नाही.

१२ जानेवारी

आत जाऊन बघितलं. अठ्ठ्याऐंशी, ठीक. एकोणनव्वद, नव्वद, ठीक. ब्याण्णव, त्र्याण्णव ठीक. एक्क्याण्णव साली दोनशे तेहतीस. सात दिवस कमी.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सलग अकरा शून्यं आहेत. त्या वेळी ती विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पकडली गेली होती. वस्तीतल्या बायांबरोबर अकरा दिवस जेलात होती. म्हणजे कामावर नव्हती. नव्हती तर शून्य. मशीन काय चुकीचं सांगतं? मी काय करणार? मी फक्त ऑपरेटर.

आज ती आली तर मी मागच्या दारानं गेलो.

१३ जानेवारी

साहेबांना सांगून बघितलं. म्हणलं, एक बाई राहायलीय, सात दिवसांवरून. साहेब म्हणाले, "मशीन सांगतं ते खरं. तुम्हीच तर चालू केलं." शाबासकी म्हणून म्हणाले.

काल म्हणलं मी फक्त ऑपरेटर. या वहीशी तरी खोटं बोलू नये.

त्याच फेब्रुवारीत किशनराव मुकादमाच्या पोराचं लग्न होतं, देवगाव फाट्याला. गाळाचे नऊ मजूर आठ दिवस तिकडंच. मांडव घातला, जेवणावळी उठवल्या. मी सगळ्यांना हजर मांडलं. नऊ जण, आठ दिवस. लग्नाचा शिधा घरी आला होता, पण त्यासाठी नाही. सगळे मांडायचे. कुणी आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण झालं, मी दिवस भरून द्यायचो. त्यालाच माझा मोठेपणा म्हणायचे लोक. नऊच्या नऊ बाविसांच्या यादीत आहेत.

तिचे अकरा दिवस मात्र मी भरले नाहीत. विसरलो नव्हतो. तेव्हा मला नामांतराचा राग होता. आपलं विद्यापीठ, आपलं नाव, म्हणत फिरायचो. मी मॅट्रिक. विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. माझं काय जात होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण रोज सकाळी तिच्या नावापुढं 'गै' मांडताना टाक जरा दाबूनच धरला होता, हे चांगलं आठवतंय.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. साहेबांनी यादीपायी कुणाला रजा दिली नाही. तरी अर्धं ऑफिस आलं नाही, कारण आज जाहीर झालं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षांनी. झरीत पोलिसांची गाडी उभी आहे, एस.ट्या बंद. वस्तीकडून हलगीचा आवाज दुपारभर येत होता.

चारच्या सुमारास सगुणाबाई आली. पांढरं लुगडं, कपाळाला निळा गुलाल. ऑफिसभर साखर वाटायली होती. माझ्यासमोर आली तेव्हा जरा थांबली, देऊ का नको अशी. मी हात पुढं केला. साखर खाल्ली.

मग म्हणलं, सगुणाबाई बसा. यादीत तुमचं नाव नाही.

ती खुर्चीवर नाही बसली, दारात खाली बसली.

"किती कमी पडले?"

"सात."

"कोण्या सालात?"

"एक्क्याण्णव."

तिनं मान हलवली. "तवाचे व्हय."

म्हणलं, "हे बघा, शून्याचा एक करायला मला मिनिट लागत नाही. कागद रद्दीत गेलेत. परत यादी काढतो, तुमचं नाव येतं. कुणाला कळत नाही." आवाज खालीच ठेवला होता.

"म्हंजी त्या दिवशी म्या कालव्यावर व्हते, असं लिवणार?"

"हो."

"मंग जेलात कोण व्हतं?"

मी हातातल्या यादीची घडी घातली.

"आज वस्तीत जो तो म्हणायलाय, म्या गेलते, म्या गेलते. जे घरात दडून व्हते ते बी. अन् म्या खरंच गेलेली, म्या तुमच्या डब्यात लिवून घेऊ का म्या गेलेच न्हाई म्हणून? आजच्या दिवशी?" ती उठली. लुगडं झटकलं. "न्हाई भाऊसाहेब. तसं नका करू. काम गेलं तर गेलं. रानात खुरपायला बलावतेत लोक."

दारातून वळून विचारलं, "तवा गैरहजेरी तुमीच मांडली व्हती न्हवं?"

"हो."

"बराबर मांडली व्हती. म्या न्हवतेच."

आणि गेली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. मला शिवी दिली असती तर निभलं असतं.

१५ जानेवारी, शनिवार

बावीस नावांची यादी दिली नाही. अर्ज दिला. आवक रजिस्टरात चढवूनच दिला, म्हणजे साहेबांना फाडता येऊ नये. लिहिलं: एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत नऊ मजूर कामावर नसताना हजर दाखवले, ते मी दाखवले. असे इतरही पुष्कळ दिवस आहेत, माझ्याच हातचे. ही हजेरी धरण्यालायक नाही, म्हणून ती उपलब्ध नाही असं समजून दाखल्यांवरच यादी जावी.

साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, "पण मशीन चालू आहे ना?" म्हणलं, मशीन चालू आहे साहेब.

दुपारी बसून तेवीस दाखले टाइप केले. सगुणाबाईच्या दाखल्यात अकरा दिवस जेलात होत्या आणि कशासाठी होत्या, तेही टाकलं. साहेबांनी तेविसांवर सह्या केल्या, माणूस परभणीला पाठवला. मग मला म्हणाले, सोमवारपासून येऊ नका, चौकशीचं पत्र घरी येईल.

हिला अजून सांगितलेलं नाही.